एक फेरा, आठ चित्रं

शाहूपुरीतून तुम्ही रोज जाता, पण कधी चालत गेलाय का? कुंभार गल्लीत मातीचे गोळे मूर्तीचा आकार घेत असतात. पुढं हार्डवेअरची, मशिनरीची, सुट्या भागांची दुकानं लागतात आणि त्यांच्या मधूनच गुळाच्या व्यापाराची जुनी ओळख डोकावते. ही पेठ राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ मध्ये गुळाच्या व्यापारासाठी वसवली. हाकेच्या अंतरावर रेल्वे स्टेशन. कोल्हापूर-मिरज रेल्वे १८९१ मध्ये सुरू झाली आणि मुंबई-पुण्याचा, परदेशाचा माल थेट गावाच्या वेशीपर्यंत येऊ लागला.

तुमच्यापैकी ज्यांना आरसी कारचा, म्हणजे रिमोटवरच्या मॉडेल गाड्यांचा नाद आहे, त्यांना अशा दुकानांची सवय असणारच. बोटाच्या पेरावर मावेल असं बेअरिंग, तीन एमएमचा स्क्रू, पातळ वॉशर शोधायला हीच दुकानं पालथी घालायची. गाडी सरळ पळते, पण थ्रॉटल दिला की करकर वाजते. का? तर मोटरवरचं छोटं पिनियन आणि त्याला जुळणारं मोठं स्पर गिअर यांचं जमत नाहीये. दात फार घट्ट बसले की मोटर तापते, आणि फार सैल राहिले की दात खातात. मग मोटरचे स्क्रू सैल करायचे, दोन गिअरमध्ये वहीच्या कागदाची पट्टी घालायची, मोटर दाबून धरायची, स्क्रू आवळायचे आणि गिअर फिरवून पट्टी काढून घ्यायची. कागदाच्या जाडीएवढी जागा उरते. तेवढाच ‘प्ले’ हवा. जास्त नको, कमी नको.

आता गंमत बघा. हीच कागदाएवढी जागा शंभरेक वर्षांपूर्वी याच कोल्हापुरात एक माणूस शोधत होता. त्याच्यापुढं गाडी नव्हती, सिनेमाचा कॅमेरा होता. तोही विकत आणलेला नव्हे, इथंच बनवलेला. त्या माणसाचं नाव बाबूराव कृष्णराव मेस्त्री. तुम्ही त्यांना बाबूराव पेंटर म्हणून ओळखता. निदान नाव तरी ऐकलेलं असतंच.

मेस्त्रीचा पोरगा

बाबूरावांचा जन्म ३ जून १८९० चा, कोल्हापूरचाच. घर कारागिरांचं. लाकूड, धातू, मूर्तिकाम हे सगळं घरातच बघायला मिळायचं. चित्रकला त्यांनी कुठल्या कला महाविद्यालयात शिकली नाही. हत्यार हातात धरून, बघून, चुकून, परत करून ते शिकले. तुम्ही आज व्हिडिओ बघून शिकता, तसं त्यांनी माणसं बघून शिकलं.

सोबतीला चुलत भाऊ होते, आनंदराव. दोघांनी मिळून संगीत नाटक कंपन्यांसाठी पडदे रंगवायला सुरुवात केली. १९१० च्या सुमाराचं हे. नाटकाचा पडदा म्हणजे साधी गोष्ट नव्हे. राजवाडा, जंगल, रस्ता हे सगळं सपाट कापडावर खरं वाटलं पाहिजे, तेही शेवटच्या रांगेतल्या माणसाला. या भावांचे पडदे इतके गाजले की ‘मेस्त्री’ मागं पडलं आणि ‘पेंटर’ हेच नाव चिकटलं.

मग आला १९१३. दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईत लागला. फाळके १९१२ मध्ये इंग्लंडला जाऊन विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेऊन आले होते. हलणारी चित्रं बघून आनंदराव आणि बाबूराव दोघंही झपाटले. जे आपण कापडावर थांबवून ठेवतो, ते इथं चालतंय, बोटं हलवतंय! दोघांनी मुंबईच्या जुन्या बाजारातून एक प्रोजेक्टर मिळवला, चित्रपट दाखवायला लागले, आणि दाखवता दाखवता ते यंत्र उघडून बघायला लागले. फिल्म पुढं कशी सरकते? कशानं थांबते? प्रकाश नेमका कधी अडतो?

प्रोजेक्टर समजला की कॅमेरा अर्धा समजतो, कारण दोघांच्या पोटात चाल एकच आहे. आनंदराव कॅमेऱ्याच्या मागं लागले. पण १९१६ मध्ये ते अकाली गेले.

इथं थोडं थांबून विचार करा. बाबूरावांचं वय तेव्हा पंचविशीच्या आसपास. ज्याच्याबरोबर रंग कालवले, स्वप्नं बघितली, तो भाऊ गेलाय. काम अर्धवट आहे. पहिलं महायुद्ध चालू असल्यानं युरोपातून काही मागवायचं तर माल कधी येईल याचा नेम नाही. पडदे रंगवण्याचा धंदा बरा चाललेला असतो, नाव असतं. गप्प बसून तेवढंच केलं असतं तर कुणी नावं ठेवली नसती. बाबूरावांनी मात्र कॅमेरा पुढं न्यायचं ठरवलं. मदतीला होते विष्णुपंत दामले. हे दामले म्हणजे यंत्राच्या कामात मुरलेला हात. १ डिसेंबर १९१७ रोजी महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. गायिका तानीबाई कागलकर यांनी पैशाचा आधार दिला आणि शाहू महाराजांचा पाठिंबा होताच. कंपनी होती, माणसं होती. कॅमेरा मात्र अजून व्हायचा होता.

पेटीच्या आत काय असतं?

हाताच्या कॅमेऱ्यात मोटर नसते, बॅटरी नसते. बाहेर एक हँडल. कॅमेरामन ते फिरवतो आणि बाकी सगळं गिअरवर चालतं. म्हणजे तुमच्या आरसी कारमधली मोटर काढून तिथं माणसाचा हात लावला, असं समजा.

मूकपटाच्या काळात साधारण हिशेब असा होता : हँडलचा एक फेरा म्हणजे आठ चित्रं. सेकंदाला दोन फेरे, म्हणजे सेकंदाला सोळा चित्रं. पस्तीस एमएमच्या फिल्मवर एका फुटात सोळा चित्रं बसतात, म्हणजे एका सेकंदात एक फूट फिल्म गेली.

आता आतली चाल बघा. फिल्म रिळातून बाहेर ओढायचं काम दात्यांच्या चाकाचं. एका चित्राला फिल्मच्या प्रत्येक कडेला चार भोकं असतात. बत्तीस दात्यांचं चाक घेतलं तर त्याच्या एका फेऱ्यात आठ चित्रं पुढं जातात. हे चाक सतत, न थांबता फिरतं. पण भिंगासमोर फिल्म सतत सरकून चालत नाही. चित्र घेताना ती ठार थांबली पाहिजे, नाहीतर सगळं पुसट. म्हणून तिथं एक आकडा असतो. तो भोकात शिरतो, फिल्म १९ एमएम खाली ओढतो, बाहेर पडतो, वर जातो, परत शिरतो. सेकंदाला सोळा वेळा. सतत फिरणारं चाक आणि थांबून थांबून ओढणारा आकडा यांचं भांडण होऊ नये म्हणून वर-खाली फिल्मचा सैल फास ठेवलेला असतो.

तिसरा खेळाडू म्हणजे शटर, एक अर्धी कापलेली तबकडी. फिल्म थांबली की हिनं उघडायचं, फिल्म हलायच्या आत झाकायचं. एका चित्राला एक फेरा. म्हणजे हात सेकंदाला दोनदा फिरतो तेव्हा शटर सोळा वेळा फिरतं. गिअरचं प्रमाण एकास आठ.

इथं तुमच्या गाडीत आणि या पेटीत एक मोठा फरक आहे. आरसी कारमध्ये मोटर भन्नाट पळते आणि गिअर तो वेग कमी करून चाकाला ताकद देतात. पिनियन २० दात्यांचं, स्पर ८० चं, तर मोटर चार वेळा फिरल्यावर स्पर एकदा फिरतं. कॅमेऱ्यात उलटं. हात सावकाश फिरतो आणि गिअर वेग आठपट वाढवतात. वेग आठपट वाढला की शटरच्या शाफ्टवरचं जरासं अडकणंही हँडलवर आठपट जड लागतं. बेअरिंगमध्ये धुळीचा कण अडकला की हात अडखळतो. हात अडखळला की चित्रांचा वेग बदलतो. आणि वेग बदलला की पडद्यावरचा भीम मधेच मुंगीसारखा तुरुतुरु चालायला लागतो.

आता ‘प्ले’चं बघा. फिल्मवरचं चित्र साधारण १८ एमएम उंच. ते दहा फूट उंच पडद्यावर पाडलं की जवळपास १७० पट मोठं होतं. फिल्म दरवेळी एक दशांश मिलिमीटर इकडंतिकडं थांबत असेल, तर पडद्यावर चित्र दीड-पावणेदोन सेंटिमीटर थरथरतं. आकडा आणि शटर यांचं टायमिंग एखाद्या दात्यानं जरी चुकलं, तर शटर उघडं असतानाच फिल्म हलते आणि पांढऱ्या वस्तूंना वर-खाली शेपट्या फुटतात. आरसी कारमध्ये गिअर एका दात्यानं सरकवून बसवला तरी फारसं बिघडत नाही. कॅमेऱ्यात तो एक दाता म्हणजे अख्खं रीळ वाया.

आणि रीळ स्वस्त नव्हतं. कच्ची फिल्म परदेशातून यायची. हजार फुटांच्या एका रिळात सोळा हजार चित्रं, हँडलचे दोन हजार फेरे. पाच रिळांचा मूकपट धरलात तर दहा हजार फेरे, आणि आकड्याच्या ऐंशी हजार ओढी. त्यातली प्रत्येक ओढ आधीच्या ओढीसारखीच हवी. वर फिल्म धुतल्याशिवाय चूक कळणार नाही. तुम्ही गाडी एक चक्कर मारून आणता आणि लगेच स्क्रू फिरवता. तिथं एका दुरुस्तीचा निकाल अंधाऱ्या खोलीत, रसायनाच्या टाकीत लागायचा.

अशा कामाला चित्रकाराची नजर आणि फिटरचा हात दोन्ही लागतं. बाबूराव आणि दामले यांच्याकडं मिळून ते होतं. १९१८ मध्ये कॅमेरा तयार झाला. कोल्हापुरात बनलेला, देशी.

पडद्यावर

या कॅमेऱ्यावर ‘सैरंध्री’ झाला. ७ फेब्रुवारी १९२० रोजी पुण्याच्या आर्यन सिनेमात तो लागला. त्या काळात पडद्यावर बायकांची कामं बहुतेक वेळा पुरुषच करत असत. बाबूरावांनी गुलाबबाई आणि अनुसूयाबाई यांना घेतलं. त्याबद्दल समाजानं त्या दोघींना जवळ केलं नाही. कॅमेऱ्यापुढं उभं राहण्याची किंमत त्यांनी मोजली, हे आपण विसरायचं नाही. कीचकाचा वध पडद्यावर इतका खरा वाटला की ते दृश्य पुढं कापावं लागलं. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ ही पदवी दिली. टिळकांच्या आयुष्याचं ते शेवटचं वर्ष.

हात फिरवत चित्रीकरण करायचं म्हणजे अंगात ताल हवा. जगभरचे कॅमेरामन त्यासाठी मनातल्या मनात एखादी चाल गुणगुणत असत. समोर तलवारबाजी चाललीय, घोडे उधळलेत, आणि तुमचा हात मात्र सेकंदाला दोन, सेकंदाला दोन. उत्साहाच्या भरात हात जोरात फिरला तर पडद्यावर तेच दृश्य मंदावतं. हात सुस्तावला तर लोक पळायला लागतात.

कंपनीत पोरं जमत गेली. फत्तेलाल आले, चित्रकलेतले. १९२० मध्ये शांताराम वणकुद्रे नावाचा मुलगा आला. हा आधी हुबळीच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये फिटरचं काम करून आलेला. पुढं तो व्ही. शांताराम झाला. बाबूरावांच्या कंपनीत कुणी एकच काम करून सुटत नसे. सेट उभा करायचा, रंग द्यायचा, फिल्म धुवायची, गरज पडली तर तोंडाला रंग लावून उभं राहायचं. शांतारामांनी ‘सुरेखा हरण’ मध्ये, १९२१ साली, पडद्यावर पहिलं काम केलं ते इथंच.

बाबूरावांनी रंगवलेल्या पडद्यांच्या जागी खरे, आत जाता येईल असे सेट आणले. पडदे रंगवून नाव कमावलेल्या माणसानं हे करणं म्हणजे आपल्याच धंद्यावर पाणी सोडणं. ‘सिंहगड’साठी, १९२३ मध्ये, त्यांनी कृत्रिम दिव्यांवर चित्रीकरण केलं. दृश्यं आधी कागदावर काढायची, कपडे आधी रेखाटायचे, चित्रपटाची पोस्टरं स्वतः रंगवायची, हे सगळं त्यांनी केलं.

आणि मग १९२५ मध्ये ‘सावकारी पाश’. नारायण हरी आपट्यांच्या गोष्टीवरचा. सावकार खोट्या कागदावर शेतकऱ्याची जमीन घशात घालतो आणि शेतकरी शहरात गिरणीत कामाला जातो. देव नाहीत, राजे नाहीत, तलवारी नाहीत. तरुण शेतकरी झाले शांताराम. आज जाणकार या चित्रपटाला भारतीय वास्तववादी सिनेमाची सुरुवात म्हणतात. तेव्हाचा प्रेक्षक मात्र पुराणं आणि इतिहास बघायला यायचा. हा चित्रपट चालला नाही. बाबूराव परत पोशाखी चित्रपटांकडं वळले. कंपनी चालवायची होती, माणसांचे पगार होते.

गिअर बदलला

१९२९ मध्ये कंपनीतली चार माणसं एकदम बाहेर पडली : दामले, फत्तेलाल, शांताराम आणि धायबर. सीताराम कुलकर्णी यांची आर्थिक साथ घेऊन त्यांनी १ जून १९२९ रोजी कोल्हापुरातच प्रभात फिल्म कंपनी काढली. ज्या दामल्यांबरोबर कॅमेरा घडवला, तेच गेले. यात खलनायक शोधू नका. शिकलेली माणसं कधीतरी स्वतःचं काहीतरी काढतातच. पण गुरूच्या बाजूनं बघितलं तर वर्कशॉप एका दिवसात रिकामं झालं.

त्यात बोलपट आला. बोलपटानं नट-नट्यांचं नशीब बदललं हे तुम्ही ऐकलं असेल. पण पहिला झटका बसला तो हँडलला. आवाज नोंदवायचा तर फिल्मचा वेग पक्का पाहिजे, सेकंदाला चोवीस चित्रं, जराही इकडंतिकडं नाही. माणसाचा हात कितीही तयार असला तरी एवढा पक्का नसतो. हात थोडा हलला तर डोळा माफ करतो, कान करत नाही. गायकाचा सूर लगेच वर-खाली होतो. म्हणून कॅमेऱ्याला मोटर लागली आणि अंगात मुरलेला तो ताल एका रात्रीत बिनकामाचा झाला. १९३२ मध्ये प्रभातनं कोल्हापुरात ‘अयोध्येचा राजा’ केला, मराठीतला पहिला बोलपट. शिष्य पुढं गेले. महाराष्ट्र फिल्म कंपनी बंद झाली.

बोलपट बाबूरावांना मनापासून आवडला नाही. इतक्या वर्षांच्या खटाटोपातून चित्रांची जी भाषा तयार झाली, ती बडबडीखाली दबून जाईल, असं त्यांना वाटायचं. तरी ते रुसून घरी बसले नाहीत. शालिनी सिनेटोनसाठी ‘उषा’ (१९३५), ‘सावकारी पाश’ परत एकदा, आता बोलता (१९३६), आणि ‘प्रतिभा’ (१९३७) त्यांनी दिग्दर्शित केले. जो विषय एकदा आपटला होता तो माणूस दुसऱ्यांदा करायला घेतो, यावरून त्यांचा स्वभाव कळतो. आणि हात रिकामे राहायला नकोत म्हणून रंग होतेच, मातीही होती. शिवाजी चौकातला महाराजांचा पुतळा तुम्ही शेकडो वेळा बघितला असेल. तो बाबूरावांच्या हातचा. १६ जानेवारी १९५४ रोजी कोल्हापुरातच ते गेले.

मग आपण काय घ्यायचं?

उपदेश नको, कामाचं बोलू. पुढच्या वेळी गाडीची ड्राइव्हट्रेन लावायला बसाल तेव्हा घाई करू नका. कागदाची पट्टी घालून मेश लावला की गिअर एकाच जागी तपासून सोडू नका. कुठलंही गिअर तंतोतंत गोल नसतं. तीन-चार जागी थांबून बघा. पिनियन धरून स्पर हलकेच हलवा, अगदी बारीक टिकटिक जाणवली पाहिजे. एखाद्या जागी ती गायब होत असेल तर तिथं घट्ट आहे, मेश त्या जागेवर लावा. वेग हवा म्हणून पिनियनला एकदम चार दाते वाढवू नका. एक वाढवा, पाच मिनिटं पळवा, मोटरला हात लावून बघा. चटका बसत असेल तर परत मागं या. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. दोन बदलल्या की कशानं सुधारलं आणि कशानं बिघडलं, काहीच कळत नाही.

आणि जे यंत्र तुम्हाला आवडतं ते उघडायला भिऊ नका. बाबूरावांकडं इंजिनिअरिंगची पदवी नव्हती, ड्रॉइंग नव्हतं, विचारायला कुणी तज्ज्ञ नव्हता. एक जुना प्रोजेक्टर होता, एक अर्धवट राहिलेलं काम होतं आणि सोबत एक चांगला हात होता. तुमच्याकडं यातलं काय काय आहे, जरा मोजून बघा. बहुतेक जास्तच निघेल. सोबतचा हात मात्र शोधा, एकट्यानं पिनियन दाबून धरत स्क्रू आवळणं अवघडच असतं.

खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा मानस्तंभ आहे. १ डिसेंबरला चित्रपटातली मंडळी तिथं जमून पूजन करतात. एरवी आपण सिग्नलची आणि पार्किंगची काळजी करत तिथून निघून जातो. एकदा गाडी बाजूला लावा आणि मान वर करून बघा. मग हाताचा फेरा घ्या, सेकंदाला दोन, न अडखळता, फक्त एक मिनिट. एकशे वीस फेरे होतात. खांदा काय म्हणतो ते बघा, आणि मग दहा हजारांचा विचार करा.